दारातून काय दिसलं

२ तारीख, सोमवार

ही वही मी हौसेनं लिहीत नाही, शिक्षा म्हणून लिहिते आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मोठ्या बाईंनी आज केबिनमध्ये बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या सगळ्या ॲम्ब्युलन्सच्या प्रमुख. वीस वर्षं गाडीवर काढून मग खुर्चीत बसल्या आहेत, त्यामुळे त्यांच्यापुढे थापा चालत नाहीत. विषय अर्थात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा होता. काकांना दम लागला होता, फुप्फुसात पाणी भरलं होतं. अशा माणसाला आडवं करायचं नसतं, बसवूनच न्यायचं असतं. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. पण जिना अरुंद, पेशंटला बसवून खाली न्यायच्या आमच्या उचलखुर्चीचा पट्टा तुटलेला आणि मागे त्यांचे दोन मुलगे सारखे "लवकर, लवकर" करत होते. मी काकांना स्ट्रेचरवर आडवं करून बांधलं. ते म्हणत होते, "बसू द्या मला, बसू द्या." मी म्हटलं, "दोनच मिनिटं, काका." दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांचे ओठ निळे पडले आणि तोंडातून गुलाबी फेस आला.

काका जगले, पण नऊ दिवस मशीनवर काढून. मुलांनी तक्रार केली आणि बरोबरच केली.

"पट्टा तुटला होता हे मला समजतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "पेशंट स्वतःच्या तोंडानं सांगत होता, ते तुला ऐकू आलं नाही, हे समजत नाही."

मग त्यांनी खणातून ही वही काढून माझ्यापुढे सरकवली.

"महिनाभर वही लिही. प्रत्येक कॉलला दारात उभं राहायचं आणि पेशंटला हात लावायच्या आधी काय दिसलं ते बघायचं. खोली, माणूस, पाय, अंथरूण, सगळं. रोज लिहायचं. महिनाअखेर मी वाचेन, मग ठरवू तू गाडीवर राहायचं की कॉल घ्यायला फोनवर बसायचं."

फोनवर! बारा वर्षं गाडीवर काढलेल्या बाईनं हेडफोन लावून "आपला पत्ता सांगा" करत बसायचं? आठ दिवसांत वेड लागेल मला.

४ तारीख, बुधवार

आज दोनच कॉल. एक खोटा, एक पडलेल्या आजी. दारातून दिसलं: आजी, फरशी, ओली फरशी. झालं.

पान रिकामं राहिलं म्हणून घरचं लिहिते. माझी ड्यूटी दुपारी दोन ते रात्री बारा. घरी येऊन पाठ टेकेपर्यंत दीड वाजतो. काकांचं झाल्यापासून झोपही धड लागत नाही, पहाटे कुठे डोळा लागतो. आणि आठ वाजले की सासूबाईंची बाथरूमची वारी सुरू! बाथरूमच्या दाराला जुनी लोखंडी कडी आहे, ती खाडकन वाजते. माझी उशी आणि ती कडी यांच्यात एक भिंत, बस्स. आठ ते दहा पाच वेळा खाडकन.

आज उठून बाहेर आले आणि तोंड सुटलं. "आई, सकाळी पाच-पाच वेळा काय असतं हो?"

"अगं, ती पाण्याची गोळी घेतली की होतंच तसं. डॉक्टरांनी हृदयासाठी दिलीय, तुला माहितीच आहे."

"मग उशिरा घ्या."

"उशिरा घेतली तर रात्रभर तेच."

"काहीही करा, पण ती कडी थांबवा. मला झोप मिळाली नाही ना, तर आणखी एखाद्याचा जीव घेईन मी."

हे बोलायला नको होतं. त्या भाजी निवडत बसल्या.

६ तारीख, शुक्रवार

काल कडी वाजली नाही. आजही नाही. दहापर्यंत गाढ झोपले. या घरात माझ्या शब्दाला थोडी तरी किंमत आहे म्हणायची.

कॉल: दुकानदार, वय पन्नासच्या आसपास. दारातून दिसलं: माणूस दुकानाच्या पायरीवर बसून, दोन्ही हात गुडघ्यांवर, घामाघूम. एका दमात तीन शब्द. मोजे उतरवले तर पोटरीवर मोज्याची खोल रेघ. मुलीची परीक्षा म्हणून डायलिसिसची पाळी चुकवली होती. पाय खाली सोडून बसवलं, ऑक्सिजनची साधी नळी नाही, गच्च मास्क लावला, जो जोरानं हवा आत ढकलतो. रक्तदाब बघितला, फोनवरच्या डॉक्टरांना सांगितला, त्यांच्या परवानगीनं जिभेखालची गोळी दिली. हॉस्पिटल येईपर्यंत पूर्ण वाक्य बोलायला लागला. पहिलं वाक्य: "दुकानाला कुलूप लावलं का हो?"

कप्तान हसून हसून लोळायचा बाकी होता. कप्तान म्हणजे आमचा ड्रायव्हर. वीस वर्षं स्टिअरिंग धरलंय, गाडीला जहाज म्हणतो.

११ तारीख, बुधवार

सासूबाईंना मागच्या पगारात नव्या चपला आणल्या होत्या. चांगल्या मऊ तळव्याच्या, दुकानात घालून बघून घेतलेल्या. आज त्या खालच्या किराणावाल्याकडे माझ्या जुन्या स्लिपर फरपटत गेल्या. विचारलं तर म्हणे, "नव्या चावतात गं."

दुकानात चावत नव्हत्या. सुनेनं आणलेल्या वस्तूला दात फुटतात, हे मला अकरा वर्षांत कळून चुकलंय.

त्यातून दोन जिने चढून येताना मध्येच पायरीवर बसल्या. समोरच्या शेजारणीला म्हणाल्या, "जरा हवा खाते." जिन्यात! कसली हवा आहे तिथे?

१३ तारीख, शुक्रवार

आज फार छान झालं. खूप दिवसांनी बरं वाटतंय.

कॉल दम्याचा म्हणून आला होता. निवृत्त शिंपी, सत्तरीचे. दारातून दिसलं: पलंगावर चार उशांची उतरंड. शेजारी खुर्ची, खुर्चीवर पांघरूण. म्हणजे माणूस पलंगावर झोपत नाही, खुर्चीत झोपतो. पायात चप्पल नाही, पाय फुगलेले. ताटात अन्न तसंच. मुलगा पंप घेऊन "दमा आहे, दमा आहे" म्हणत होता. मी दारातूनच कप्तानला सांगितलं, "दमा नाही, पाणी आहे. उचलखुर्ची आण." (पट्टा नवा बसवलाय, मी स्वतः ओढून बघितला.) बोटानं नडगी दाबली तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी मान डोलावली. "वेळेत ओळखलंत," म्हणाले.

मोठ्या बाई, हे वाचताय ना?

१५ तारीख, रविवार

घरातल्या उशा गायब होताहेत. माझ्या खोलीत दोन होत्या, एक उरली. पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेली होती, तीही नाही. सासूबाईंच्या पलंगावर बघते तर तीन उशा एकीवर एक, भिंतीला टेकवलेल्या. माणूस एक आणि उशा तीन.

"आई, काय चाललंय?"

"मान दुखते गं."

मान दुखते तर उशी काढतात, चढवत नाहीत. पण बोलून उपयोग नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

संध्याकाळी ह्यांचा फोन. हे बोटीवर, दोन महिन्यांनी येणार. "आई कशी आहे?"

"ठणठणीत. रुसायला ताकद लागते, ती आहे."

"कशावरून रुसली?"

"तुमच्या आईला विचारा."

१८ तारीख, बुधवार

आता नवीन तऱ्हा. मी रात्री घरी येते तर सासूबाई बाहेरच्या खोलीत, सासऱ्यांच्या जुन्या आरामखुर्चीत. दिवा मालवलेला, डोळे मिटलेले, मला माहितीय जाग्या आहेत. तीन दिवस झाले. सून किती वाजता येते, एकटी येते की कुणी सोडायला येतं, त्याचा पहारा. मी म्हटलं, "आई, आत जाऊन नीट आडव्या व्हा." तर "हं" म्हणाल्या आणि हलल्या नाहीत.

जेवणही टाळतात. मी केलेलं असेल त्या दिवशी दोन घास. माझा फोन चालू झाला की खोकला सुरू. मी बोलते आहे तोवर खोकायचं आणि फोन ठेवला की पाणी प्यायचं. म्हणजे कान इकडेच.

विचारलं, "गोळ्या आणायच्या का? संपत आल्या असतील."

"आहेत अजून."

चला, औषधवाल्याकडची एक फेरी वाचली.

२० तारीख, शुक्रवार

कॉल नाही. गाडीत बसून वहीची मागची पानं वाचली. अर्धी सासूबाईंनीच भरलीत. मोठ्या बाईंना देण्याआधी फाडावी लागतील.

काकांच्या मुलाला फोन केला. खूप दिवस करायचा होता. काका घरी आलेत, सावकाश चालतात. "बाबा तुमच्याविषयी काही बोलत नाहीत," मुलगा म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२३ तारीख, सोमवार

आज मी तडकाफडकी निकाल लावला. खालच्या गल्लीतल्या कुशनवाल्याला बोलावलं आणि आरामखुर्ची देऊन टाकली. तिचा काथ्या बाहेर आलाच होता. आठवड्यानं नवी होऊन येईल. उशांचे अभ्रे काढले, उशा धुतल्या आणि गच्चीवर वाळत टाकल्या. आता पहाराही नाही आणि उशांचा डोंगरही नाही. माणसानं पलंगावर माणसासारखं झोपावं.

सासूबाई खुर्ची जाताना बघत उभ्या होत्या. दाराच्या चौकटीला धरून. मला वाटलं होतं भांडतील, मी तयारीतच होते. नुसतं म्हणाल्या, "आजच न्यायला हवी होती का?"

रात्री आले तर बाहेरची खोली रिकामी. त्यांच्या दाराखाली उजेड होता, वाचत असतील. पण आत पलंगावरच आहेत. जमलं!

२४ तारीख, मंगळवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे. अक्षर वाकडं येतंय.

दुपारी निघताना त्या दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "आज सुट्टी मिळेल का गं तुला?"

मी पायात बूट अडकवत होते. "आई, माझी चौकशी चालू आहे. या महिन्यात सुट्टी मागू? कशासाठी?"

"काही नाही, सहज. जा तू."

मी गेले. वर बघितलंसुद्धा नाही.

साडेतीनला गाडी केंद्रावर उभी होती. मी चहा आणायला गेले, वही डॅशबोर्डवर राहिली. परत आले तर कप्तान चष्मा कपाळावर चढवून वाचत बसलेला.

"कुणी सांगितलं वाचायला?"

"वेळ जात नव्हता." मग त्यानं एक पान पुढे धरलं. "ताई, ही पेशंट कुठली? हिचा पत्ता नाही लिहिला तुम्ही."

"कुठली?"

"ही. खुर्चीत झोपते, चपला पायात जात नाहीत, जिन्यात बसते, तीन उशा, जेवण नाही, खोकला. लघवीची गोळी पण थांबवलीय वाटतं तिनं, कारण कडी वाजायची बंद झाली." तो बोट ठेवून ठेवून वाचत होता. "मला तर हिला उचललेलं आठवत नाही. नेलं ना आपण हिला?"

मी हसले. "अरे, ती माझी सासू आहे," म्हटलं. आणि हसू तोंडावरच राहिलं. चहाचे दोन्ही कप कुठे ठेवले ते मला आता आठवत नाही.

कप्ताननं किल्ली फिरवली. कंट्रोल रूमला मी सांगितलं की श्वास लागलेली पेशंट आहे, आम्ही निघालो. तिकडून पोरगी म्हणाली, "पत्ता सांगा." मी माझ्या घराचा पत्ता सांगितला.

माझी चावी कुलपात जाईना. कप्ताननं हातातून घेऊन दार उघडलं.

दारातून काय दिसलं: खुर्चीच्या जागी फरशीवर खुर्चीचे चार डाग. स्वयंपाकघरात सासूबाई स्टुलावर बसलेल्या, पाय लोंबते. ओट्यावर घडी केलेली चादर, तिच्यावर कपाळ. खांदे वरखाली. पाय घोट्यापाशी पावासारखे. बोटातली अंगठी सुतानं ओढून काढलेली, ओट्यावर. हे सगळं मी दारातूनच बघितलं, हात लावायच्या आधी. या खेपेला बघितलं.

"आई."

त्यांनी मान वळवली. "तू... ड्यूटी...?"

"ड्यूटीवरच आहे. बोलू नका."

ऑक्सिजन ऐंशी. रक्तदाब भलताच वर. छातीला कान लावायचीही गरज नव्हती, खदखद नुसती ऐकू येत होती. मास्क लावायला गेले तर दोन्ही हातांनी ढकलायला लागल्या, "नको, गुदमरतं." सगळेच ढकलतात. मी समोर गुडघ्यांवर बसले. "आई, माझ्याकडे बघा. हे मशीन हवा ढकलणार, तुम्ही त्याच्याशी भांडू नका. माझ्याशी भांडा, पण नंतर. आता आत घ्या... सोडा... आत घ्या." त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझ्याकडे बघत श्वास घेतला. फोनवरच्या डॉक्टरांनी गोळी सांगितली, इंजेक्शन सांगितलं.

कप्ताननं उचलखुर्ची आणली. पट्टे मी आवळले. पहिल्या वळणावर त्यांनी हात वर केला. मी लगेच थांबवलं. मास्कमधून काहीतरी म्हणाल्या. मी कान नेला.

"आडवं नको करूस."

"नाही करणार, आई. बसवूनच नेणार."

हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "पाण्याची गोळी कधीपासून बंद आहे?" नातेवाईक इथे नेहमी अडखळतात, आठवत नाही म्हणतात, आणि मला त्यांचा राग येतो.

"पाच तारखेपासून," मी म्हटलं. माझ्याकडे लिहिलेलं होतं.

२७ तारीख, शुक्रवार

मास्क निघाला, आता नाकात ऑक्सिजनची साधी नळी आहे. पाय उतरताहेत, आज अंगठी परत मागितली. ह्यांच्याशी बोलल्या. मी काय केलं ते त्यांना सांगितलं नाही, म्हणून मग मीच सांगितलं. हे म्हणाले, "आईजवळ बस तू." एवढंच.

आज धीर करून विचारलं. "गोळी का बंद केलीत? मी एक मूर्ख, म्हटलं असेल काहीतरी. तुम्हाला कळत नव्हतं का? सांगायचं नाही?"

"तू झोपेत बोलायचीस," त्या म्हणाल्या. "त्या माणसाचं झाल्यापासून. रोज. 'दोनच मिनिटं, काका, दोनच मिनिटं.' मला ऐकू यायचं. पहाटे कुठे शांत व्हायचीस तू. त्यात माझी कडी."

"म्हणून जीव द्यायचा?"

"जीव कशाला? मला वाटलं, महिनाभराचा तर प्रश्न आहे. तुझी ती वही झाली की घेईन परत."

मला राग आला. रडूही आलं, पण आधी राग आला. "आणि खुर्ची नेली तेव्हा? उशा धुतल्या तेव्हा?"

"तू दिवसभर धापा टाकणारी माणसं उचलतेस. घरी आल्यावर आणखी एक तुझ्यापुढे कुठे मांडू?" मग मिश्कील हसल्या. "आणि खरं सांगू? मला वाटायचं, हिचं कामच आहे हे. बघेल आपली आपण."

नर्स येईपर्यंत मी त्यांच्या पायांशी बसून होते. नडगीवर बोट दाबून बघितलं. खड्डा कमी झालाय.

३० तारीख, सोमवार

वहीतलं एकही पान फाडलं नाही.

मोठ्या बाईंनी माझ्यासमोर बसून सगळी वाचली. पाऊण तास. मी खिडकीबाहेर बघत होते. गाड्या धुणं चालू होतं. २३ तारखेच्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या, ते मला पान न बघताही कळलं.

"काखेत कळसा," एवढंच म्हणाल्या आणि पुढचं म्हणाल्या नाहीत. वही मिटली. "तू सगळं बघितलंस. एकही गोष्ट सुटली नाही तुझ्याकडून, अंगठीसुद्धा. फक्त बाहेरच्या माणसाकडे बघताना तू विचारतेस की याला काय होतंय. घरच्याकडे बघताना विचारतेस की ही मला काय करतेय."

मी म्हटलं, "फोनवर कधीपासून बसू?"

"फोनवर कशाला? गाडीवरच राहा. पण वही बंद करायची नाही. रोज ड्यूटी संपली की कप्तानला वाचायला द्यायची."

"कप्तानला?"

"तुमच्या दोघांत वाचता त्यालाच येतं."

कप्तान आता दिवसभर शीळ घालत फिरतोय. चष्म्याला दोरी लावून घेतलीय.

६ तारीख, सोमवार

सासूबाई घरी येऊन चार दिवस झाले. सकाळी उठल्याबरोबर वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा, हे त्यांचं काम. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर मला सांगायचं, मी झोपले असले तरी हलवून. "आणि तू ओरडलीस तर?" "तर ओरडून घेईन, पण सांगायचं." आरामखुर्ची परत आली. कुशनवाल्यानं भडक हिरवं कापड लावलंय. सासूबाईंना अजिबात आवडलेलं नाही आणि तसं त्या दिवसातून तीनदा सांगतात.

काल कप्तान त्यांना बघायला आला होता. जाताना बाथरूमची कडी हलवून म्हणाला, "ताई, फार वाजते ही. उद्या नवी बसवून देतो, नाहीतर तेल तरी सोडतो." मी नको म्हटलं.

आज आठला गोळी घेतली. सव्वाआठला कडी वाजली. पावणेनऊला वाजली. सव्वानऊला वाजली. मग बराच वेळ काहीच नाही. पावणेदहा झाले. मी पांघरूण बाजूला केलं, उठून बसले, पाय जमिनीवर टेकवले.

खाडकन.

मी परत आडवी झाले आणि साडेअकरापर्यंत झोपले.